एका लहान गावाचा इतिहास

इतिहास हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांचा विचार करू लागलो, तर चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आठवतो, भद्रावतीची विजासन लेणी आठवतात आणि वैनगंगेच्या काठी उभी असलेली मार्कंडा येथील कोरीव मंदिरे आठवतात. ह्या गोष्टी पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि ग्रंथांतही त्यांचे वर्णन सापडते. परंतु ह्या किल्ल्यांच्या व मंदिरांच्या मधल्या अफाट अरण्यात जी शेकडो लहान गावे वसली आहेत, त्यांना इतिहास आहे काय? जेथे कोणा राजाने वाडा बांधला नाही, जेथे लढाई झाली नाही, अशा पन्नास-शंभर घरांच्या वस्तीचा इतिहास कोण लिहिणार, आणि तो लिहून उपयोग तरी काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी क्षणभर एका दूरच्या देशाकडे पाहू. इंग्लंडमध्ये खेडे कितीही लहान असले, तरी त्याच्या मध्यभागी बहुधा एक जुने दगडी चर्च असते. इसवी सन 1538 पासून तेथील प्रत्येक चर्चला एक वही ठेवण्याची आज्ञा झाली. गावात कोणाच्या मुलाचा नामकरणविधी झाला, कोणाचे लग्न लागले, कोणाला मूठमाती दिली, हे त्या वहीत नोंदवले जाई. त्याहूनही जुनी गोष्ट म्हणजे 1086 मधील मोजणी. विल्यम राजाने आपल्या राज्यातील गावांची जमीन, नांगर, कुरणे आणि पाणचक्क्या मोजून एका मोठ्या ग्रंथात लिहून काढविल्या. त्यामुळे तेथील अनेक लहान खेड्यांना आपले नाव नऊशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत आजही दाखविता येते. हौशी ग्रामस्थ अशा नोंदी जमवून आपल्या गावाचा छोटासा इतिहास मोठ्या आवडीने लिहितात.

आपल्या अरण्यातील गोंड गावांजवळ अशा वह्या नव्हत्या. गोंडी भाषा हजारो वर्षे तोंडी बोलली गेली. तिच्यातील कथा व गीते कानांनी ऐकली आणि कंठात साठविली गेली. म्हणून त्या गावांना इतिहासच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांचा इतिहास निराळ्या जागी ठेवलेला असतो. शेताच्या नावात, ओढ्याच्या नावात, देवस्थानाच्या राखलेल्या झाडीत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत तो असतो. भामरागडच्या बाजूला माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात. त्या दगडांवर अक्षर नसते. परंतु कोणता दगड कोणाच्या घराण्याचा, हे गावातील जाणत्यांना ठाऊक असते. असा इतिहास वाचावयाचा तर अक्षरओळख पुरेशी होत नाही. गावात जाऊन विचारावे लागते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा नावाच्या अशाच एका गावाची ही हकीकत आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे तीस किलोमीटर अंतरावर मेंढा लागते. शेजारच्या लेखा गावाशी त्याची ग्रामपंचायत जोडलेली असल्यामुळे लोक त्याला मेंढा (लेखा) असे म्हणतात. जवळून कठाणी नदी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. गावात सुमारे शंभर घरे असून लोकसंख्या पाचशेच्या आसपास आहे. ही सर्व वस्ती गोंड आदिवासींची आहे. मातीच्या भिंती, कौलारू छपरे, अंगणाभोवती बांबूचे कुंपण, गावाबाहेर धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे लागलीच सुरू होणारे जंगल, असे ह्या गावाचे रूप आहे. वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला ते इतर गावांसारखेच दिसेल.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलाने व्यापलेला आहे. मेंढ्याच्या भोवतीही साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, आवळा, हिरडा, बेहडा आणि चारोळी ह्या वृक्षांची दाटी आहे, आणि त्यांच्यामध्ये बांबूची बेटे आहेत. गावकऱ्यांचे वर्ष ह्या झाडांच्या तालावर चालते. होळीच्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात, तेव्हा पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन बायका-मुले झाडाखाली जातात. वैशाखात तेंदूची पाने तोडून त्यांचे मुडके बांधतात. पावसाळ्यात जमिनीतून निरनिराळी अळंबी वर येतात आणि बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना ह्या भागात वास्ते म्हणतात, त्यांची भाजी होते. सुपे, टोपल्या, ताटवे, मासे धरण्याचे सापळे आणि घराचा आढा, ह्या साऱ्यांना बांबू लागतो. धान्य संपत आले की जंगलातील कंदमुळे उपयोगी पडतात. थोडक्यात, शेत हे ह्या गावाचे एक कोठार, तर जंगल हे दुसरे, आणि त्याहून मोठे कोठार होय. म्हणून ज्याच्या हाती जंगल, त्याच्या हाती गावाचा प्राण, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. म्हणजे पुढील इतिहास समजावयास सोपा जाईल.

हा प्रदेश दीर्घकाळ चांदा येथील गोंड राजांच्या अमलाखाली होता. 1751 मध्ये ते राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले आणि 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1858 मध्ये, मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके ह्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आले. राजे बदलले, झेंडे बदलले. परंतु अरण्यातील लहान गावांच्या नित्यक्रमात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. ह्या बाजूस लहानमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. गावकरी जमीनदाराला ठरलेले देणे देत, आणि घरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, गुरांसाठी चारा आणि पोटासाठी कंदमुळे जंगलातून आणीत. ह्या हक्काला ह्या भागात 'निस्तार' असे नाव आहे. निस्तार म्हणजे दैनंदिन गरजा भागविण्यापुरते जंगलातून घेण्याचा गावाचा हक्क.

पुढे इंग्रजी अमलात जंगलाचे कायदे झाले. 1878 चा आणि त्यानंतर 1927 चा वनकायदा, हे त्यांतील प्रमुख होत. ह्या कायद्यांनी जंगल ही सरकारची मालमत्ता ठरली. गावकरी ज्याला हक्क समजत, त्याला कायदा सवलत समजू लागला. हक्क आणि सवलत ह्यांत मोठे अंतर आहे. हक्क आपला असतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी नष्ट झाली. त्या वेळी हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात होता, आणि तेथील 1950 च्या कायद्याने जमीनदारांकडील जंगले सरकारकडे आली. नंतर 1 नोव्हेंबर 1956 रोजी चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. मेंढा जागचे हलले नाही. परंतु त्याचे राज्य दोनदा बदलले आणि जिल्हा एकदा बदलला. दर वेळी कचेऱ्या बदलल्या, कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले. जुन्या निस्ताराची नोंद कोठे आहे, हे गावातील लोकांना कळेनासे झाले. जो हक्क केवळ आठवणीत होता, त्याला कागदाचा आधार दाखविता येईना. घरासाठी बांबू तोडला, तरी चोरी केल्याचा आळ येऊ लागला.

त्याच काळात ह्या जिल्ह्यांतील बांबू कारखान्यांना मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. बल्लारपूर येथे कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला होता. बांबूचा लगदा करून त्यापासून कागद तयार होतो. आपण ज्या कागदावर लिहितो, त्यातील काही कागद अशाच जंगलातून आलेला असतो. कारखाना चालावा, लोकांना काम मिळावे, मुलांना वह्या मिळाव्यात, ह्यात गैर काहीच नाही. परंतु मालमोटारी भरून बांबू जंगलाबाहेर जात असता, त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला कुंपणापुरत्या काठ्यांसाठी हात जोडावे लागत, हे मात्र न्यायाचे नव्हते.

असे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. इंग्लंडमधील ज्या खेड्यांचा उल्लेख वर आला, त्यांच्या भोवतीही पूर्वी सर्वांच्या वहिवाटीची कुरणे आणि राने असत. गरीब कुटुंबांची गाय तेथे चरे, सरपण तेथून येई. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून ती कुरणे कुंपणात घातली आणि खाजगी मालकीची केली. अनेक कुटुंबे गाव सोडून शहरांतील गिरण्यांकडे गेली. त्या खेड्यांचे चर्च राहिले, वह्याही राहिल्या. परंतु गावाची सामाईक भूमी गेली. ह्यावरून असे दिसते की, नोंदवही असणे चांगले खरे, पण तेवढ्याने गाव वाचत नाही. नोंद काय आहे हे जाणणारी आणि त्यासाठी एकत्र उभी राहणारी माणसेही लागतात.

मेंढ्यात अशी माणसे होती.

1980 नंतरच्या काळात गोदावरीवर इंचमपल्ली येथे आणि इंद्रावतीवर भोपालपटनम येथे मोठी धरणे बांधण्याचा बेत पुढे आला. ही धरणे झाली असती, तर विस्तीर्ण जंगल आणि अनेक आदिवासी गावे पाण्याखाली गेली असती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' असे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासींचे नेते लालश्याम शाह महाराज ह्यांनी त्याला बळ दिले. दऱ्याखोऱ्यांतून लोक चालत आले, आणि अखेर ते प्रकल्प मागे पडले. ह्या आंदोलनातून परतलेल्या लोकांच्या मनात एक विचार रुजला होता : बाहेरून येणारे संकट आपण एकजुटीने थोपविले, मग गावातील कारभार एकजुटीने का चालवू नये? मेंढ्याचे देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' ह्या संस्थेचे सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ह्या प्रश्नाचा विचार सुरू केला. मोहनभाईंनी आपल्या नावापुढे आईचे आणि वडिलांचे, अशी दोघांचीही नावे लावली होती. 2025 मध्ये त्यांचे निधन झाले.

गावाने पहिले मोठे काम हाती घेतले ते गोटुलाचे. गोटुल म्हणजे गोंड गावातील सर्वांची सामाईक वास्तू. तरुण मुले-मुली तेथे जमत, गाणी आणि रीतीभाती शिकत. गावाच्या बैठकीही तेथे होत. काळाच्या ओघात ही परंपरा मागे पडली होती. ती पुन्हा सुरू करावी म्हणून गावकऱ्यांनी जंगलातून सागाचे लाकूड आणून नवा गोटुल उभारला. परवान्यावाचून लाकूड तोडले, ह्या कारणावरून वनखात्याने ते लाकूड जप्त केले. गावकऱ्यांनी हाणामारी केली नाही. त्यांनी आसपासच्या गावांना बोलावून सारी हकीकत सांगितली. तेव्हा इतर अनेक गावांनीही आपापल्या ठिकाणी गोटुल बांधण्याचे ठरविले. एका गावाचे लाकूड उचलून नेता येईल, परंतु इतक्या गावांचे कसे नेणार? अखेर मेंढ्याचा गोटुल उभा राहिला.

ह्याच सुमारास गावाने एक घोषणा केली, ती पुढे देशभर गाजली : "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." गोंडीत तिचा उत्तरार्ध असा : "मावा नाटे मावा सरकार." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती बंडखोरीची वाटेल. परंतु तिचा पूर्वार्ध नीट पाहावा. दिल्ली व मुंबई येथील सरकार परके आहे, असे ती म्हणत नाही. तेही आमचेच आहे, असे म्हणते. देशाचा कारभार देशाच्या सरकारने पाहावा आणि गावाचा कारभार गावाने पाहावा, एवढाच तिचा अर्थ आहे. आमच्या गावात आम्ही सरकार, असे म्हणणाऱ्याला अधिकाराबरोबर जबाबदारीही घ्यावी लागते. जंगल आमचे म्हटले, की त्याला लागलेला वणवा विझविणेही आमचेच काम ठरते.

मग हे गाव आपला कारभार चालविते तरी कसे? मेंढ्याच्या ग्रामसभेत गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष बसतात. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. शाळेत आपण वर्गप्रमुख निवडतो, तेव्हा हात वर करून मते मोजतो. तीस मुलांच्या वर्गात सोळा हात एका बाजूला आले, की निर्णय लागतो. उरलेली चौदा मुले मात्र मनातून रुष्ट राहण्याचा संभव असतो. मेंढ्याची रीत अशी की, एकाचाही आक्षेप असला तर निर्णय पुढे ढकलावयाचा आणि पुन्हा चर्चेला बसावयाचे. ह्यात वेळ जातो. काही प्रश्नांवर अनेक बैठका कराव्या लागतात. परंतु एकदा सर्वांनी मान डोलावली, की तो निर्णय पाळण्यासाठी शिपाई नेमावा लागत नाही. कारण तो प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय असतो. स्त्रियांच्या पुढाकाराने गावात दारूबंदी झाली, ती ह्याच मार्गाने.

ग्रामसभेच्या जोडीला गावात 'अभ्यासगट' असतात. ग्रामसभा निर्णय घेते. अभ्यासगट निर्णय घेत नाही, तो केवळ विषय समजून घेतो. कायदा, जंगल, शेती, मध, अशा कोणत्याही विषयावर ज्याला गोडी असेल त्याने बसावे, जाणकाराला बोलवावे, प्रश्न विचारावेत. लिहिता-वाचता न येणारी माणसेही त्यात बसतात. कारण ऐकणे, निरीक्षण करणे आणि विचार करणे ह्यांसाठी अक्षरे आड येत नाहीत.

मधाचे उदाहरण घ्या. उंच झाडांवर आग्या मधमाश्यांची मोठी पोळी लागतात. मध काढण्याची जुनी रीत अशी की, खालून धूर व जाळ करावयाचा आणि सबंध पोळे कापून आणावयाचे. त्यात असंख्य माश्या जळून जात आणि पोळे नष्ट होई. अभ्यासगटातील चर्चेतून ह्या रीतीविषयी विचार सुरू झाला. पोळ्याच्या एका भागात मध असतो आणि उरलेल्या भागात माश्यांची अंडी व अळ्या असतात. अंगभर जाड पोशाख घालून, माश्या न मारता, फक्त मधाचा भाग काढून घेतला आणि बाकीचे पोळे तसेच ठेवले, तर माश्या तेथेच राहतात व पुन्हा मध साठवितात. मधमाश्या फुलांवर बसतात म्हणून फळे धरतात, आणि फळे धरतात म्हणून जंगल टिकते. एका पोळ्याच्या विचारातून सबंध जंगलाचा विचार निघतो, तो असा.

ह्या अभ्यासाचा मोठा उपयोग पुढे झाला. 2006 मध्ये आपल्या संसदेने वनहक्कांचा कायदा संमत केला. अरण्यवासी लोकांवर पूर्वीच्या कायद्यांनी अन्याय झाला, हे ह्या कायद्याने आरंभीच मान्य केले आहे. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या जंगलाचा उपयोग केला आणि ते राखले, त्या गावाचा त्या जंगलावर सामूहिक हक्क आहे, असे त्याने ठरविले. आता प्रश्न आला पुराव्याचा. पिढ्यान् पिढ्या उपयोग केला, हे सिद्ध कसे करावयाचे?

लेखाच्या आरंभी आपण विचारले होते की, लहान गावाचा इतिहास लिहून उपयोग काय. त्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ह्या कायद्याच्या नियमांनी सरकारी दप्तरे, गॅझेटियर आणि जुने मोजणी-अहवाल तर पुरावा मानलेच. त्यांबरोबर जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र देवस्थाने ह्यांनाही पुरावा मानले. गावातील वृद्ध माणसांचे कथन लिहून घेतले, तर तेही ग्राह्य धरावे, असे ठरविले. जी म्हातारी कधी शाळेत गेली नाही, तिची आठवण आता कचेरीतील कागदाच्या पंक्तीला बसली. ज्या गावांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठेवले होते, त्यांना आपला हक्क मांडता आला. ज्या गावांतील जाणती माणसे काही न सांगताच निघून गेली, त्यांच्या हातून पुरावाही निघून गेला.

मेंढ्याने आपला दावा अभ्यासपूर्वक मांडला, आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. ह्याच जिल्ह्यातील मर्दा ह्या गावालाही त्याच वेळी असा हक्क मिळाला. संपूर्ण भारतात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत ह्या दोन लहान गावांची गणना होते.

तरीही एक अडचण राहिली होती, आणि ती मोठी मौजेची होती. बांबू हे झाड की गवत? वनस्पतिशास्त्र सांगते की, बांबू गवताच्या कुळातील आहे. धान, गहू आणि ऊस हे त्याचे भाऊबंद होत. परंतु 1927 च्या वनकायद्याने त्याला वृक्षांत गणले होते. वृक्ष म्हटला की त्यावर गावाचा हक्क चालत नसे. 2006 च्या कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपजांत, म्हणजे मोह, मध, तेंदूपाने ह्यांच्या पंक्तीत बसविले होते. त्यामुळे गावाला बांबू तोडण्याचा व विकण्याचा हक्क होता. परंतु तो जंगलाबाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना लागे आणि तो वनखात्याकडून मिळत नसे. घर आपले, पण दाराची किल्ली दुसऱ्याजवळ, अशी स्थिती झाली. गावाने पुन्हा धीर धरला आणि कायद्याचा आधार घेऊन आपले म्हणणे लावून धरले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्राचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे दोघे मेंढ्यास आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या स्वाधीन केले. दिल्ली आणि मुंबई येथील सरकारे त्या दिवशी गावातील सरकारला भेटावयास आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्यानंतर मेंढ्याची ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पूर्वी मजुरीपुरताच संबंध असलेल्या गावाला आपल्या जंगलाचे मोल मिळू लागले. मात्र मोल मिळू लागले, की मोह उत्पन्न होण्याचाही धोका असतो. कोवळे कोंब राखून केवळ पक्व बांबू तोडला, तर बेट वर्षानुवर्षे टिकते. हावेने सारे कापले, तर ते मरते. म्हणून किती तोडावयाचे, कोठे तोडावयाचे आणि मिळालेला पैसा कशावर खर्च करावयाचा, हे ठरविण्याचे काम ग्रामसभेला दरसाल करावे लागते. हक्क एकदा मिळतो. राखावा मात्र रोज लागतो.

2013 मध्ये मेंढ्याने आणखी एक पाऊल टाकले. विनोबा भावे ह्यांनी 1951 मध्ये भूदानाचे कार्य आरंभिले आणि त्यातून पुढे ग्रामदानाची कल्पना निघाली, हे तुम्ही वाचले असेल. ग्रामदानात शेतकरी आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेला अर्पण करतो. जमीन कसण्याचा हक्क त्याच्याच कुटुंबाकडे राहतो. मात्र ती गावाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही. महाराष्ट्रात ह्यासाठी 1964 चा ग्रामदान कायदा आहे. मेंढ्याच्या लोकांनी ह्या कायद्याप्रमाणे आपल्या जमिनी ग्रामदानात देण्याचे ठरविले. जंगल सर्वांचे झालेच होते. जमीनही सर्वांनी मिळून सांभाळावी, असे त्यांना वाटले. हा निर्णयही त्यांनी दीर्घ चर्चेनंतर आणि सर्वसहमतीनेच घेतला.

मेंढ्याचा हा इतिहास येथे संपत नाही. कारण ते गाव आजही नांदते आहे आणि त्याचे प्रश्नही त्याच्याबरोबर आहेत. शिकलेल्या मुलांना गावातच काम मिळेल काय, पुढच्या पिढीला बैठकीला बसण्याइतका धीर राहील काय, गोंडी भाषा घराघरांत बोलली जाईल काय, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या गावातील तुमच्या वयाची मुले पुढे देतील.

ह्या हकीकतीत किल्ला नाही, सिंहासन नाही आणि रणांगणही नाही. एक गोटुल, काही बांबूची बेटे, मधाचे एक पोळे आणि जमिनीवर वर्तुळ करून बसलेली माणसे एवढेच तीत आहे. तरीही हा इतिहासच होय; कारण आपण कोण होतो, आपले काय हरवले आणि ते आपण कसे परत मिळविले, हे तो सांगतो.

तुमचे गाव अरण्यात असो, नदीकाठी असो की शहराच्या कडेला असो, त्यालाही असा इतिहास आहे. गावाला हे नाव कसे पडले, जुनी विहीर कोणी खणली, गुरे पूर्वी कोठे चरत, कोणत्या सालच्या दुष्काळात लोकांनी काय खाल्ले, हे तुमच्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा, आणि जे ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत तारीख घालून लिहून ठेवा. एके दिवशी तुमच्या गावाला त्या वहीची गरज लागेल.

स्वाध्याय

1. हक्क आणि सवलत ह्यांत काय फरक आहे? पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
2. 'निस्तार' म्हणजे काय? मेंढा गावाला तो सिद्ध करणे कठीण का झाले?
3. बहुमत आणि सर्वसहमती ह्या दोन पद्धतींचे गुण व अडचणी लिहा.
4. "हक्क एकदा मिळतो, राखावा मात्र रोज लागतो." ह्या वाक्याचा अर्थ बांबूच्या उदाहरणाने सांगा.
5. आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला भेटून तेथील एका जुन्या विहिरीची, झाडाची किंवा देवस्थानाची माहिती लिहून आणा.